चिमणीच्या पायाचा चिखल

मला लोक भांडखोर म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. टेक्सासमध्ये शुगर लँडला माझं दगडांचं दुकान आहे. स्वयंपाकघराच्या ओट्यांना लागणाऱ्या ग्रॅनाइटच्या लाद्या मी विकते, आणि पहिल्यांदा बोललेल्या भावाला माझ्या दारातून आजवर एकही लादी बाहेर पडलेली नाही. दुकानातली तरुण मुलं म्हणतात, "नंदाकाकू, यू लव्ह फायटिंग." मी त्यांना सांगते की हे भांडण नव्हे, ही एक भाषा आहे, आणि ती मी मिशिगनमध्ये, ट्रॉयच्या शाळेत शिकले. शिकले म्हणजे तिथे तिची किंमत मोजली. एका चिनी कवितेपायी मला एक 'सी' मिळाला होता. त्यानंतर आयुष्यात पुष्कळ मोठे तोटे झाले, ते विसरले. तो 'सी' विसरलेले नाही.

आम्ही ट्रॉयला आलो तेव्हा मी बारा वर्षांची होते आणि माझी बहीण मेधा दहाची. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं अपार्टमेंट होतं. पहाटे बर्फ खरवडणाऱ्या गाडीचं पातं रस्त्यावर घासत जायचं, तो आवाज म्हणजे आमचा कोंबडा. नंतर भिंतीतल्या हीटरची टकटक, आणि मग आईचा कुकर. खाली एक म्हातारे गृहस्थ राहायचे. पहिल्या शिट्टीला ते गप्प राहत, दुसरीला झाडूच्या दांड्याने छताला ठोसे मारत. त्यामुळे आमच्याकडचा भात कायम एका शिट्टीचा आणि जरासा कच्चा असे. आई म्हणायची, "ह्या माणसाच्या पायी माझ्या पोरींच्या पोटात तांदळाचं शेत उगवणार." तिने हार मात्र मानली नव्हती. ज्वारीचं पीठ मिळत नसे तर मक्याच्या पिठाची भाकरी थापायची, नाश्त्याच्या खोक्यातल्या कुरमुऱ्यांसारख्या दाण्यांचा चिवडा करायची, आणि दुकानातल्या आंबट ताकाला तांदळाचं पीठ लावून अशी उकड करायची की मी आजही टेक्सासच्या दमट उन्हाळ्यात, एसी चालवून, तीच करून खाते.

आई कोल्हापूरची, बाबा पुण्याचे. आईला कुठलीच गोष्ट आहे तेवढी सांगता येत नसे. मी एकदा उठले नाही तर तिने हजार हाका मारलेल्या असत. थंडी असली की हाडांचा चुरा झालेला असे. बाबा मोटारींचे सुटे भाग तपासायच्या खात्यात होते. दार आणि चौकट यांच्यामधली फट मोजायची पोलादी पात्यांची जुडी त्यांच्या खिशात असायची, आणि घरात कोणी 'खूप' म्हटलं की ते विचारत, "खूप म्हणजे किती?" आई तिच्या बहिणीला, माझ्या मावशीला, दर महिन्याला पत्र लिहायची. एकदा तिने लिहिलं की इथला मॉल एवढा लांब आहे, या टोकाला कुंकू लावून निघावं तर त्या टोकाला पोचेपर्यंत पुन्हा लावायची वेळ येते. पत्र टाकायच्या आधी बाबांनी तळाशी बारीक अक्षरात भर घातली, 'मॉल चालून जायला अकरा मिनिटं लागतात.' मावशीचं उत्तर आलं. ताईचं वाचून हसू येतं, तिने लिहिलं होतं, आणि भावजींचं वाचून ताईचं खरं वाटतं. त्या वाक्याचा अर्थ मला पुढे चार वर्षांनी कळला.

शनिवारी आम्ही गराज सेलला जायचो. लोक आपल्या गाड्यांच्या खोलीतलं जुनं सामान अंगणात मांडून विकत, प्रत्येक वस्तूला किमतीचा कागद चिकटवलेला. बाकीचे भारतीय तो कागद वाचून मुकाट पैसे देत किंवा मुकाट निघून जात. आईला इंग्रजी येत नव्हतं तरी ती कागदाकडे बघायचीच नाही. बिडाचा तवा उचलायची, कडेवरचा गंज बोटाने दाखवायची, आणि इतका कमी आकडा बोटांवर दाखवायची की विकणारी बाई आधी लाल व्हायची. मला लाज वाटून मी गाडीत जाऊन बसायची. पण काचेतून बघत राहायची, आणि दहा मिनिटांनी त्या दोघी हसत असायच्या. एकदा मी चिडून तिला म्हटलं की तू खोटं बोलतेस, तो तवा एवढा वाईट नव्हता. ती म्हणाली, "अगं, पहिला आकडा म्हणजे भाव नसतो, नमस्कार असतो. तिलाही ठाऊक असतं, मलाही ठाऊक असतं. खरा भाव दोघींच्या मधे बसलेला असतो. फक्त तो तोंडाने बोलायचा नसतो, एकमेकीला दाखवायचा असतो." माझ्या साऱ्या धंद्याचं शिक्षण एवढंच आहे. बाकीचं मी कर्जावर आणि अपमानावर शिकले.

शाळेत आल्या आल्या माझी परीक्षा घेऊन मला इंग्रजीच्या खालच्या वर्गात बसवलं होतं. खालचा म्हणजे शब्दशः खालचा. तो जिमच्या मागे, तळघरात भरायचा, आणि तिथे आम्ही वर्षभर रिकाम्या जागा भरायचो. दहावीत एका शिक्षिकेला माझी दया आली आणि तिने मला एका सत्रापुरतं वरच्या वर्गात पाठवलं. अट अशी की सत्राअखेर किमान 'बी' हवा. 'बी' आला तर तिथेच राहायचं, कॉलेजच्या वाटेवर. नाही आला तर परत जिमच्या मागे. त्या वर्गाला मिसेस हार्टली शिकवत. उंच, ताठ, आवाज कधी न चढवणाऱ्या. मी त्यांना घाबरत नव्हते, पण त्यांनी मला चांगलं म्हणावं म्हणून मी त्या सत्रात जेवढी राबले तेवढी पुढे दुकान उभं करतानाही राबले नाही.

सत्राचा शेवटचा आणि सगळ्यात वजनदार निबंध एका जुन्या चिनी कवितेवर होता. चारच ओळी. कवीचं नाव मला तेव्हाही उच्चारता येत नव्हतं आणि आता आठवत नाही, पण मजकूर पक्का आठवतो. कवी एका मनोऱ्यावर चढतो. निघतो तेव्हा वसंत असतो, पहिल्या कठड्याशी पोचतो तेव्हा खाली पिकं कापून झालेली असतात. त्याची सावली शेजारच्या प्रांतात पडते आणि तिथल्या बायका कपडे वाळत नाहीत म्हणून कुरकुरतात. वरून तो मित्राला हाक मारतो, आणि 'ओ' ऐकू येते तोवर त्याची दाढी पांढरी झालेली असते. शेवटची ओळ अशी की तिथे वर कठड्यावर एक चिमणी बसलेली असते, आणि तिच्या डाव्या पायाला ओला चिखल लागलेला असतो. संपलं. पहिल्यांदा वाचली तेव्हा मी वर्गात मोठ्याने हसले, कारण तो सगळा माझ्या आईचा आवाज होता. मिसेस हार्टलींनी माझ्याकडे पाहिलं आणि मी ओठ चावला.

निबंधाचा प्रश्न होता : कवी इतकं वाढवून का सांगतो? वर्गात त्यावर चर्चा झाली. एवढ्या उंचीपुढे माणूस विस्मयाने भान विसरतो, त्याला मोजमाप सुचत नाही, असं सगळ्यांचं मत पडलं, आणि मिसेस हार्टलींनी ते फळ्यावर लिहिलं. चिमणी म्हणजे आत्मा, असंही लिहिलं. मी वहीत उतरवून घेतलं. पण तो चिखल माझ्या डोक्यातून जाईना.

संध्याकाळी उकड खाताना मी घरात कविता सांगितली. आई खूश झाली, विशेषतः कपड्यांच्या ओळीवर. बाबा ऐकत होते. शेवटची ओळ झाल्यावर त्यांनी चमचा खाली ठेवला.

"चिखल ओला होता? तसं लिहिलंय?"

"ओला. तसंच लिहिलंय."

"मग मनोरा फार उंच नाही," बाबा म्हणाले.

पुढचा तास आमच्या घराच्या इतिहासात एकमेव होता, कारण आई आणि बाबा त्यात एका बाजूला होते. बाबांनी कढीपत्त्याच्या कुंडीतली माती वाटीत कालवली. आगपेटीची काडी बुडवून ती पंख्यासमोर धरली आणि घड्याळ लावलं. जेवायच्या टेबलावर चिखल आणल्याबद्दल आई आधी ओरडली, मग स्वतःच वाकून म्हणाली, "अहो, चिमणीचा पाय एवढा जाड असतो होय? काडी तासा." मेधा पंख्याचं बटण धरून बसली, कारण पक्ष्याच्या वेगाचा वारा किती यावर बाबांचं समाधान होत नव्हतं. काडीवरचा चिखल, कुठल्याही वाऱ्यावर, कुकरची शिट्टी व्हायच्या आत वाळत होता. बाबांनी कागदावर आकडेमोड केली. चिमणी उडत उडत वर जायला किती वेळ घेईल, तेवढ्यात चिखल ओला राहील असा मनोरा किती उंच. आमच्या इमारतीवर आणखी दोन मजले चढवले तर जेवढं होईल, तेवढा.

"मग मेला एवढा कशाला ओरडतोय?" आई म्हणाली.

आणि मला ते दिसलं. ती चिमणी तिथे कोणी जबरदस्तीने आणली नव्हती. कवीनेच आणून बसवली होती. आधी वर्ष, मग प्रांत, मग आयुष्य असे आकडे चढवत नेले, आणि शेवटी एका ओळीत खरा भाव उघडा करून दाखवला. तोंडाने बोलला नाही, नुसता दाखवला. खोटं बोलणारा खरी उंची लपवतो, आणि हा माणूस खरी उंची कठड्यावर ठेवून आपल्याकडे बघून हसतोय. त्यात आणखी एक गोष्ट होती. पाय डावा होता. एवढा बारीक तपशील आला की आधीची तीनही थापांसारखी वाक्यं खरी वाटायला लागत होती, मावशीला आईचं पत्र वाटायचं तशी. मी त्या रात्री नऊ पानं लिहिली. अतिशयोक्ती म्हणजे भान सुटणं नव्हे, तो समोरच्याबरोबरचा सौदा आहे, आणि हा कवी भानावर असलेला सगळ्यात हुशार विक्रेता आहे, असं त्यात मांडलं. आज साठी ओलांडल्यावर, दोन राज्यांत दुकानं उभी केल्यावर सांगते की त्या नऊ पानांइतकं चांगलं काम माझ्या हातून पुन्हा झालेलं नाही.

'सी' मिळाला. खाली लाल शाईत तीन वाक्यं होती. कविता म्हणजे गणित नव्हे. विस्मय तुझ्या हाती लागलाच नाही. ही कल्पना कोणाची? पहिली दोन वाक्यं मी सहन केली असती. तिसऱ्याचा अर्थ होता, हे हिला सुचणं शक्य नाही. मी तो कागद वर्गातच हातात चुरगळला, आणि पुन्हा सरळ केला, कारण तो पुरावा होता.

पालकांच्या भेटीचा दिवस त्याच आठवड्यात आला. आई जरीकाठाची साडी नेसून, वर बर्फातला जाड कोट घालून आली. आम्ही तिघं मुलांच्या बाकांवर बसलो आणि मिसेस हार्टली समोर. त्यांनी शांतपणे सांगितलं की मी मेहनती आहे, पण वरच्या वर्गाची समज अजून आलेली नाही. आईला मी भाषांतर करून सांगत होते, सोयीचं तेवढंच. आईने माझ्याकडे न बघता विचारलं, "हिला विचार, शेवटचं काय लावणार?" मी ते इंग्रजीत सांगितलंच नाही. पण बाबांना चुकीचं किंवा अपुरं भाषांतर सहन होत नसे. त्यांनी घसा साफ केला आणि अत्यंत शुद्ध इंग्रजीत सांगितलं की माझी पत्नी विचारते आहे, तुमची अंतिम किंमत काय.

मिसेस हार्टली गुलाबी झाल्या. गुणांचा सौदा या शाळेत होत नाही, त्या म्हणाल्या. मग बाबांनी खिशातून घडी केलेला कागद काढला आणि चिखलाची आकडेमोड त्यांच्यासमोर ठेवली. काड्या किती, वारा किती, वेळ किती. त्यांनी तो वाचला, हे मी पाहिलं. मग त्यांनी तो परत सरकवला आणि म्हणाल्या की कवितेला प्रयोगशाळेत नेलं की ती मरते.

बाबांचा आवाज कधी चढत नसे, तेव्हाही चढला नाही. ते म्हणाले, "मॅडम, ती चिमणी आम्ही नाही नेली. कवीनेच बसवली आहे."

त्या क्षणी मला माझ्या बाबांचा जो अभिमान वाटला, त्याचं माप त्यांनी स्वतः मागितलं असतं तरी मला देता आलं नसतं.  मग मिसेस हार्टलींनी एक सवलत दिली. सोमवारपर्यंत निबंध पुन्हा लिहायचा. विस्मयावर लिहायचा, वर्गात झालेल्या चर्चेला धरून. आकडे नकोत, दुकानदारी नको. खाली पालकांची सही हवी. तसा आला तर 'बी' देईन आणि ती माझ्या वर्गात राहील.

गाडीत आई म्हणाली की सौदा झाला, घे. तिला हवं ते लिहून दे आणि जागा धरून बस. आतून तुला काय वाटतं ते तुझ्यापाशी ठेव. जगभरच्या आया हाच सल्ला देतील आणि तो बरोबर आहे. मी स्वतः गिऱ्हाइकांशी रोज तेच करते. मी शनिवारभर बसून विस्मयावर दोन पानं लिहिलीसुद्धा. चांगली झाली होती. रविवारी ती सहीसाठी बाबांसमोर ठेवली. त्यांनी सावकाश वाचली.

"चिमणी कुठे गेली?"

"काढली," मी म्हटलं.

"आपलं मोजमाप चुकलं होतं का?"

"नाही."

"मग मी सही कशावर करू?" ते म्हणाले. कामावर सदोष दार ते पुढे सोडत नसत, वरिष्ठ कितीही ओरडले तरी. पण पेन त्यांनी टेबलावरच ठेवलं आणि म्हणाले की तुला हवीच असेल तर करतो, वर्ग तुझा आहे. आई ओट्यापाशी पाठ करून उभी होती. तिचं म्हणणं तिने गाडीतच सांगून टाकलं होतं. मी ती दोन पानं उचलली आणि फाडली. रागाने फाडली, उदात्तपणे वगैरे नाही. ही कल्पना कोणाची, असं विचारणाऱ्या बाईसाठी मी माझी चिमणी फुकट टाकून देणार नव्हते. आई चार दिवस माझ्याशी बोलली नाही.

नव्या सत्रात मी पुन्हा जिमच्या मागे गेले. पुढची दोन वर्षं रिकाम्या जागा भरल्या. ज्या कॉलेजांना जायचं होतं त्यांनी नाही म्हटलं. मी फरश्यांच्या दुकानात गल्ल्यावर लागले आणि तिथून पुढचं सगळं माझ्या हाताने केलं. याचा मला अभिमान आहे, आणि जे हिरावलं गेलं त्याचा राग आहे. दोन्ही एकाच घरात राहतात, एकमेकांच्या पाया पडत नाहीत.

पण शेवट तिथे झाला नाही. मी बारावीत असताना मेधा दहावीत आली. तिला सरळ वरच्या वर्गात घेतलं होतं. एके दिवशी ती घरी आली आणि वही माझ्यापुढे टाकून म्हणाली, "ताई, लुक." वहीत मिसेस हार्टलींनी सांगितलेलं तिने उतरवून घेतलं होतं. चिखल ओला आहे, म्हणजे मनोरा उंच नाही. कवी स्वतःच खरी उंची दाखवतो. अतिशयोक्ती ही वाचकाशी केलेली देवाणघेवाण आहे. मी ते उभ्यानेच वाचलं. मेधा म्हणत होती, "ताई, रिलॅक्स."

दुसऱ्या दिवशी मी जिमच्या मागून निघाले आणि जिने चढून त्यांच्या खोलीत गेले. त्या एकट्याच होत्या. मी दार लावलं.

"चिमणी माझी आहे," मी म्हटलं.

त्यांना क्षणात कळलं. "चिमणी कवीची आहे," त्या म्हणाल्या. "तुझे वडीलच म्हणाले होते."

"बसवली कवीने. पाहिली मी."

मग मी मागण्या घातल्या. माझा 'सी' बदलून 'ए' करा. दर वर्षी ती कविता शिकवताना फळ्यावर माझं पूर्ण नाव लिहा, आडनावासकट. मला मुख्याध्यापकांसमोर चांगलं म्हणा. त्यांनी एकेका मागणीला नाही म्हटलं. जुने गुण बदलता येत नाहीत, मुलांची नावं त्या वर्गात घेत नाहीत. मी तिथून हलले नाही. मी त्यांना विचारलं की मग हे तुम्हाला कुठे सापडलं, असं मुलांना वाटतंय?  शेवटी त्या म्हणाल्या, "मी सांगेन की माझ्या एका विद्यार्थिनीने हे दाखवलं."

"पहिल्यांदा," मी म्हटलं. "पहिल्यांदा दाखवलं."

"पहिल्यांदा," त्या म्हणाल्या. बाहेर घंटा झाली. मी हात पुढे केला, त्यांनी तो घेतला. त्यांचा हात थंड होता आणि पकड घट्ट होती.

पुढच्या आठवड्यात मेधाने घरी येऊन सांगितलं. मिसेस हार्टलींनी वर्ग सुरू होताच कवितेचं पान पुन्हा उघडायला लावलं होतं, आणि म्हणाल्या होत्या की चिमणीच्या पायाचा चिखल माझ्या एका विद्यार्थिनीने पहिल्यांदा दाखवला. एवढं ठरल्याप्रमाणे झालं. मग त्या आणखी एक वाक्य बोलल्या, जे मी मागितलं नव्हतं : "तिने दाखवलं तेव्हाही मला दिसलं नव्हतं."

आईने ते ऐकून दोन्ही हात कपाळाला लावले आणि म्हणाली की पोरीने राज्य जिंकलं. बाबांनी मेधाला ते वाक्य पुन्हा, शब्द न बदलता, म्हणायला लावलं. मी त्या दोघांकडे बघत उभी होते आणि मला आनंद होत होता, आणि त्याच वेळी आत काहीतरी टोचत होतं. ते आजही टोचतं. सौद्यात न मागितलेलं हातात पडलं की समजावं, आपण कमी मागितलं होतं.